मेजर रामा राघोबा राणे : एका युद्धसैनिकाचे जीवन व काळ

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने राजनैतिक अंगाने झाली आहे. सामीलनामा, संयुक्त राष्ट्रसंघ व युद्धबंदी या चौकटीत प्रत्यक्ष लढणाऱ्या सैनिकाला फारसे स्थान उरत नाही. या दृष्टीने परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामा राघोबा राणे यांचे चरित्र अभ्यसनीय ठरते.

कारवारजवळील चेंडिया हे राणे कुटुंबाचे गाव. वडील पोलीस शिपाई होते. १९१८ साली जन्मलेले राणे १० जुलै १९४० रोजी ब्रिटिश हिंदी सैन्याच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलात दाखल झाले आणि ब्रह्मदेशाच्या अराकान आघाडीवर जपान्यांशी लढले. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले. साम्राज्याच्या युद्धात मिळवलेले कौशल्य अशा रीतीने चारच महिन्यांत स्वतंत्र राष्ट्राच्या कामी आले. वसाहतकालीन सैन्याकडे केवळ परकीय सत्तेचे हत्यार म्हणून पाहणारी मांडणी येथे अपुरी पडते.

८ एप्रिल १९४८ रोजी नौशेरा-राजौरी मार्ग खुला करण्याचे काम राणे यांच्या तुकडीकडे आले. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात दोन जवान ठार झाले. राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. तरीही राणे यांनी भूसुरुंग काढणे, आडवे टाकलेले वृक्ष उडवणे व वळणरस्ते तयार करणे थांबवले नाही. रणगाड्याखालून सरपटत ते चालकाला दोरीने इशारे देत. ११ तारखेस रणगाडे चिंगसला पोचले आणि १२ एप्रिलला राजौरी भारतीय सैन्याच्या ताब्यात आली. शौर्य म्हणजे शत्रूवर चाल, ही रूढ कल्पना. राणे यांनी केला तो रस्ता.

त्याच एप्रिलात मराठवाडा निजामाच्या अमलाखाली रझाकारांचा उपद्रव सोशीत होता. काश्मीरमध्ये सैन्य गुंतलेले असतानाच भारत सरकारला हैदराबादचाही विचार करावा लागत होता. मराठवाड्याच्या मुक्तीसाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला, हे ध्यानात घेताना राजौरीचा रस्ता विसरता येत नाही.

परमवीर चक्र १९५० मध्ये जाहीर झाले. जिवंतपणी हा सन्मान लाभलेले राणे हे पहिले मानकरी मानले जातात. प्रशस्तिपत्रात आले ते चार दिवस. आयुष्य मात्र ७६ वर्षांचे होते. १९६८ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांनी १९७१ पर्यंत पुनर्नियुक्तीवर सेवा केली. १९९४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा उभा राहिला तो २००६ मध्ये.