ससाण्याचा प्रश्न

सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथ यांच्या मेघरथ राजाच्या भवाची कथा श्रावकांच्या घरोघरी परिचित आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र’ या ग्रंथात ती सांगितली. भयभीत कबूतर राजाला शरण आले. पाठोपाठ आलेल्या ससाण्याने आपले भक्ष्य मागितले. कबुतरावर दया, मग भुकेल्यावर का नाही, असा त्याचा सवाल होता. राजाने त्याला हाकलून दिले नाही. कबुतराच्या भारोभार स्वतःचे मांस त्याने तराजूत घातले व अखेर स्वतःच पारड्यात बसला. ती देवाने घेतलेली परीक्षा होती खरी. परंतु तेवढ्याने ससाण्याचा प्रश्न निकालात निघत नाही.

या प्रश्नावर पुढे संघात मोठा वाद झाला. 1760 मध्ये स्थानकवासी परंपरेतून बाहेर पडून तेरापंथ स्थापणाऱ्या आचार्य भिक्षूंच्या मते, मांजराच्या तोंडून उंदीर बळाने सोडविणे ही लौकिक दया होय, आत्मशुद्धीचा धर्म नव्हे. हिंसकाचे हृदयपरिवर्तन हाच धर्म. जयाचार्यांनी ‘भ्रमविध्वंसन’ ग्रंथात हे मत शास्त्राधाराने मांडले. त्यास स्थानकवासी आचार्य जवाहरलालजी (1875–1943) यांनी ‘सद्धर्ममंडन’ लिहून उत्तर दिले : मरणाऱ्या जीवाचे रक्षण हीसुद्धा अनुकंपाच, आणि अनुकंपा हा धर्मच. या वादात प्रतिपक्षास निर्दय ठरविणे सोपे असते, पण ते न्यायाचे नाही.

कुंडलिकेकाठच्या जुना जालन्यासारख्या व्यापारी गावात हा वाद केवळ पोथीतला राहत नाही. धान्याच्या कोठारात मुद्दाम मांजर ठेवणाऱ्याचा उंदराच्या मरणात वाटा असतो. माळावर लांडगा काळविटामागे धावतो, तेथे मात्र मनुष्याचा हात नसतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडगा आणि काळवीट या दोघांनाही पहिल्या अनुसूचीत घेतले आहे. मारणारा आणि मरणारा, दोघेही रक्षणीय! लांडग्याचा घास हिरावला, तर त्याच्या पिलांचे काय, याचे उत्तर सोडविणाऱ्याजवळ नसते. त्याच्याजवळ मेघरथाचा तराजूही नसतो.

‘ज्ञाताधर्मकथा’ सूत्रात मेघकुमाराच्या पूर्वभवातील हत्ती येतो. वणव्याच्या वेळी त्याने मोकळ्या केलेल्या मंडलात सिंह, हरिण, ससे असे सारे प्राणी दाटीने आश्रयाला आले. अंग खाजविण्यास उचललेल्या पायाखाली ससा येऊन बसला, तेव्हा त्याने तो पाय अडीच दिवस खाली टेकला नाही. शेजारी उभ्या सिंहाला मात्र त्याने मंडलाबाहेर काढले नव्हते.