नावाची माती, गुणाचा निसणा

गाडी धुऊन झाली, फडक्यानं कोरडी केली, उन्हात चमकायलाही लागली. आता एक गंमत करून बघा. हातात एक पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवरून तळवा अलगद फिरवा. ज्या पत्र्याला आपण आत्ता आरसा म्हणत होतो, तो हाताला बारीक रव्यासारखा लागेल. उघड्या बोटांना हे इतकं कळत नाही. पिशवीमुळे बोट सरकत जातं आणि वर आलेला एकेक कण जाणवतो. हे कण पाण्यानं जात नाहीत, शाम्पूनं जात नाहीत. ते रंगाला धरून बसलेले असतात.

ते काढण्यासाठी बाजारात साबणाच्या वडीसारखी दिसणारी, मऊ, रंगीत वस्तू मिळते. तिचं नाव क्ले बार, म्हणजे मातीची वडी. गाडीवर जिवापाड प्रेम करणाऱ्यांना ती ठाऊक असते, बाकीच्यांना दुकानदार सांगतो. पण या नावानं बऱ्याच जणांची फसगत होते. माती म्हटलं की मऊ, निरुपद्रवी, मुलांच्या हातात द्यावं असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. मीही तसंच समजलो होतो, आणि त्याची किंमत माझ्या गाडीच्या बॉनेटनं मोजली. ते पुढे सांगेन. आधी ही वडी आली कुठून, ते पाहू.

मोटारीचा रंग हा मुळात घोडागाडीच्या रंगाचा वारस. सुरुवातीच्या मोटारी बग्ग्या रंगवणाऱ्या कारागिरांच्याच हातून रंगून निघत. तेलरंग आणि व्हार्निश यांचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग पाणी घालून प्युमिस दगडानं घासून सपाट करायचा आणि पुन्हा पुढचा थर. या सगळ्यात दोन ते चार आठवडे जात. कारखान्यातून दिवसाला शेकडो गाड्या बाहेर काढायच्या तर त्या वाळेपर्यंत ठेवायच्या कुठे? हेन्री फोर्डनं १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्यामागे उत्पादनाचा वेग आणि खर्च यांचा हिशेब होता.

ही कोंडी फोडली ड्यूपॉन्ट कंपनीच्या ड्यूको नावाच्या लॅकरनं. नायट्रोसेल्युलोजपासून केलेला हा रंग फवाऱ्यानं मारता येई आणि भराभर वाळे. जनरल मोटर्सनं १९२४च्या ओकलंड गाडीला तो निळ्या छटेत दिला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. रंग लवकर वाळणं शक्यच नाही म्हणणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी जेवायला नेलं. जेवण होईपर्यंत त्याची गाडी दुसऱ्याच रंगात रंगवून दारात उभी केली. खरंखोटं केटरिंगच जाणोत, पण गोष्ट झकास आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं या लॅकरचा एक दोष महत्त्वाचा. ते फवाऱ्यातून मंद, निस्तेज उतरे. झळाळी आणायची तर घासावं लागे. मालकालाही ती सवय लागली. रंग जुना झाला की रबिंग करायचं, वरचा मेलेला थर खरवडून काढायचा, खालून ताजा रंग वर येई. त्याबरोबर धूळ, काजळी, चिकटलेले कण हेही निघून जात. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ हा जोडशब्द रुजला तो याच पद्धतीतून. रंग जाड होता, एकजिनसी होता, थोडा गेला तरी चालत होतं. मळ काढण्यासाठी वेगळं हत्यार लागतच नव्हतं.

मग रंगाची रचनाच बदलली. १९८०च्या दशकात जगभरच्या कारखान्यांतून दोन थरांची पद्धत सर्रास झाली. खाली रंगाचा पातळ थर आणि वर पारदर्शक लाखेसारखा थर, ज्याला क्लिअरकोट म्हणतात. चमक येते ती या वरच्या थराची. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही कमी. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवण्याचं कामही त्याच्याकडेच. आता जुन्या रिवाजानं दर वर्षी रबिंग करत राहिलं तर एक दिवस हा थर संपतो आणि छपरावर पांढरट चट्टे उठतात. त्यावर मग पॉलिशचा इलाज चालत नाही, पुन्हा रंगच मारावा लागतो.

गाडीवर बसणारा मळ मात्र तसाच होता, उलट वाढला होता. ब्रेकच्या चकत्यांची झीज होऊन उडणारी लोखंडाची पूड, रेल्वेच्या रुळांजवळची तशीच पूड, कारखान्यांच्या चिमण्यांतून येणारे कण, शेजारच्या इमारतीला रंग देताना वाऱ्यावर आलेले तुषार, डांबराचे शिंतोडे, झाडांचा चीक. यात लोखंड सगळ्यात खोडसाळ. तापलेला कण रंगावर पडतो, रुततो, ओल लागली की गंजतो, आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसू लागतात. मालकाला वाटतं, पत्रा आतून गंजला. अमेरिकेत नव्या गाड्या रेल्वेनं दूरदूर जात, म्हणून तिकडे या कणांना ‘रेल डस्ट’ असंच नाव पडलं. लोकलच्या रुळांलगत गाडी उभी करणाऱ्या मुंबईकरांना हे ठिपके नवे नाहीत.

म्हणजे मळ काढायचा, पण थर राखायचा. या पेचावरचा तोडगा जपानमधून आला. तिथल्या गाड्या रंगवणाऱ्या कारखान्यांत ही मळता येणारी वडी आधी वापरात आली. तादाओ कादाते या जपानी संशोधकाला तिचं अमेरिकन पेटंट मिळालं ते १९९५च्या डिसेंबरात. त्याचा मथळा मोठा बोलका आहे. मराठीत आणायचा तर ‘प्लास्टिकचा लवचिक घासण्याचा दगड’. मातीचा त्यात उल्लेख नाही! संशोधकानं आपल्या वस्तूला दगड म्हटलं, आणि बाजारानं तिची माती केली.

वडीत असतं तरी काय? पॉलिब्यूटीन नावाचं चिकट, लवचिक राळेसारखं द्रव्य आणि त्यात मळलेले अतिशय बारीक, कठीण घासक कण. हे कण मऊ गादीवर बसवलेले आहेत, हीच सारी युक्ती. सँडपेपरचे कण कागदावर घट्ट असतात, म्हणून तो उंच-सखल न बघता सगळंच खरवडतो. वडीचे कण सपाट रंगावर दाब आला की मागे गादीत दबतात. पण वर आलेला लोखंडाचा कण आडवा आला की गादी त्याला वेढते, कण त्याला कापतात, उपटतात आणि वडी त्याला पोटात घेते. मात्र यासाठी वडी आणि रंग यांच्यामध्ये निसरड्या पाण्याचा पडदा हवा. निसण्यावर सुरी लावताना आपण पाणी घालतो आणि सहाणेवर चंदन उगाळतानाही घालतो. इथेही तेच.

मळलेल्या गोळ्यानं घाण टिपणं ही कल्पना तशी जुनी आहे. खोडरबर येण्यापूर्वी, म्हणजे साधारण १७७०च्या आधी, शिसपेन्सिलीच्या रेघा पावाच्या मऊ गराने पुसत. अमेरिकेत घरं कोळशाच्या शेगड्यांनी तापवत तेव्हा भिंतींवरच्या कागदावर काजळी धरे, आणि कागद तर धुता येत नसे. सिनसिनाटीच्या कुटोल कंपनीनं १९३०च्या दशकात त्यासाठी कणकेसारखा गोळा विकायला काढला. भिंतीवर फिरवायचा, काजळी गोळ्यात येई. पुढे शेगड्या गेल्या, धुता येणारे कागद आले, कंपनी बुडायला आली. तेव्हा केय झुफॉल या बालवाडी चालवणाऱ्या बाईंनी तोच गोळा मुलांच्या हातात दिला, आणि १९५६मध्ये तो ‘प्ले-डो’ म्हणून बाजारात आला. भिंत पुसायचा गोळा खेळणं झाला. मोटारीच्या वडीचा त्याच्याशी रक्ताचा संबंध नाही. फसगत होते ती इथेच, कारण दिसायला दोन्ही सख्खी भावंडं. पावाचा गर किंवा तो गोळा नुसतं टिपतो, मोटारीची वडी घासते.

पेटंटवरून अमेरिकेतल्या न्यायालयांत खटलेही झाले. आता त्या पेटंटची मुदत संपली आहे, त्यामुळे आज कुणीही ही वडी बनवू शकतो आणि बाजारात वाटेल त्या किमतीला, वाटेल त्या रंगात ती मिळते. रंगावरून निवड करू नका. एका कंपनीची निळी वडी मऊ असते, तर दुसरीची निळी कडक. वेष्टनावर बारीक, मध्यम की जाड असं लिहिलेलं असतं, ते वाचा. घरच्या गाडीला बारीकच घ्यावी. मध्यम वडी काम लवकर करते, पण गडद रंगावर धुरकटपणा सोडते आणि मग पॉलिश करावंच लागतं. जाड वडी कारागिरासाठी. उगाच भारीतली म्हणून ती घरी आणणं म्हणजे दाढीला विळा घेणं.

वापरण्याची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. गाडी आधी स्वच्छ धुवायची, सावलीत, पत्रा गार असताना. लोखंड फार असेल तर ते विरघळवणारं द्रावण मिळतं. लोखंडाला लागलं की ते जांभळं होतं, आणि निम्मं काम तिथेच संपतं. मग वडीचा लिंबाएवढा तुकडा तोडून पुरीसारखा चपटा करायचा. हात दोनेक फूट लांबी-रुंदीच्या भागापुरताच फिरवायचा. तेवढ्या भागावर खास फवारा किंवा गाडीच्या शाम्पूचं पातळ पाणी भरपूर मारायचं. नुसतं पाणी पुरत नाही, वडी अडकते. दाब न देता, गोल न फिरवता, सरळ पुढे-मागे सरकवायची. सुरुवातीला खरखर ऐकू येते, मग आवाज हळूहळू बंद होतो. वडी उलटून बघा, पिवळट-करडा मळ दिसेल. तो आत दुमडून पुन्हा मळायचं आणि नवी बाजू काढायची. शेवटी मऊ कापडानं पुसून वॅक्स लावायचं, कारण आधीचं वॅक्स वडीनं नेलेलं असतं. वर्षातून एकदा, फार तर दोनदा एवढं पुरे. ओरखडे यानं जात नाहीत, ते जावेत म्हणून जोर लावू नये. मॅट रंगाच्या गाडीला तर हातच लावू नये.

आता माझ्या बॉनेटची गोष्ट. काम निम्मं झालेलं, हात ओले, वडी निसटून अंगणात पडली. उचलली, नळाखाली धरली, बोटांनी चोळली, डोळ्यांना स्वच्छ दिसली. नवी आणायला जाण्याचा कंटाळा केला. खरखर पुन्हा आली, तेव्हा मला वाटलं मळ निघतोय. प्रत्यक्षात अंगणातली वाळू वडीच्या गादीत बसली होती. वाळूचा खडा त्या बारीक घासक कणांच्या कितीतरी पट मोठा, तो काही मागे दबत नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर समांतर रेघा दिसल्या, आखणीच्या वहीसारख्या. पडलेली वडी टाकून द्यायची, हा नियम वेष्टनावर छापलेला होता. मी तो विक्री वाढवण्याची क्लृप्ती समजलो होतो. म्हणून आता आधीच वडीचे दोन-तीन तुकडे करून ठेवतो. एक पडला तर एकच जातो.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली, पण हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी आणि अँबॅसिडर रस्त्यावर अजून दिसतात. यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या मूळ एकजिनसी रंगावर क्लिअरकोट नाही. अशा गाडीवर वडी फिरवली की ती पांढरी किंवा लाल होऊन येते, आणि मालक घाबरून फोन करतात की रंग निघाला. निघतो तो उन्हानं मेलेला वरचा थर. पण तो किती शिल्लक आहे ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून आधी डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, बोटभर जागेवर फिरवून बघावं आणि पुसून कापडाकडे नीट पाहावं.