थांबलेले क्वार्ट्झ घड्याळ : दुरुस्तीच्या टेबलावरचा इतिहास

१/ २५ डिसेंबर १९६९. टोकियोत सैकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. किंमत ४,५०,००० येन. तेवढ्यात तेव्हा जपानमध्ये लहान मोटार येत असे. अचूकता अशी, की महिन्याला फार तर ५ सेकंदांचा फरक.

२/ पुढच्या दीड दशकात स्विस घड्याळ-उद्योगातील सुमारे ९०,००० नोकऱ्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश नाहीशा झाल्या. ही कथा सर्वपरिचित आहे. परंतु त्या विजेत्या पिढीतील घड्याळ आज बंद पडले, तर ते पुन्हा चालू होऊ शकते का?

३/ आधी रचना. सेलच्या विजेवर गारगोटीच्या जातीचा स्फटिक कंप पावतो. १९७० च्या दशकात रूढ झालेली त्याची गती सेकंदाला ३२,७६८ कंपने. सर्किट ही संख्या १५ वेळा निम्मी करते. उरतो सेकंदाला एक स्पंद. तो कॉइलमध्ये जातो, चुंबकीय रोटर अर्धा फेरा घेतो आणि सेकंदकाटा एक पाऊल सरकतो.

४/ निदानही याच वाटेने होते. प्रथम सेल : सिल्व्हर ऑक्साइडचा नवा सेल सुमारे १.५५ व्होल्ट दाखवतो. काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारत असेल, तर अनेक घड्याळांत तो बिघाड नसून सेल संपत आल्याची सूचना असते.

५/ मग गळलेल्या सेलच्या क्षारांनी गंजलेल्या संपर्कपट्ट्या. त्यानंतर केसाहून बारीक तारेची कॉइल. मल्टिमीटरने काही किलोओहम रोध दाखवला, तर तार अखंड. काहीच दाखवले नाही, तर ती तुटलेली.

६/ कॉइलपर्यंत स्पंद पोहोचूनही काटा हलत नसेल, तर दोष यांत्रिक : वाळलेले तेल, किंवा रोटरला चिकटलेला लोखंडाचा कण. सफाईने भागते. स्पंदच येत नसेल, तर दोष स्फटिकात किंवा चिपमध्ये.

७/ खरी अडचण इथे आहे. अठराव्या शतकातील घड्याळाचे मोडलेले चक्र कुशल कारागीर आजही पितळेतून कापू शकतो. १९७५ ची चिप मात्र कोणत्याही लेथवर घडत नाही. कारखान्याचा साठा संपला, की ती तशाच दुसऱ्या घड्याळातून काढावी लागते. एक वाचते, दुसरे कायमचे सुटे होते.

८/ १९८३ च्या ‘स्वॉच’ने तर दुरुस्तीची कल्पनाच वगळली : केवळ ५१ भाग आणि न उघडणारे प्लास्टिकचे कवच.

९/ म्हणजे काळाने जवळची यंत्रे टिकण्यास अधिक कठीण ठरत आहेत. घरातील खणात आजोबांचे बंद क्वार्ट्झ घड्याळ असेल, तर त्यातील जुना सेल आजच काढून घ्यावा. गळालेला सेल आधी पट्ट्या खातो, मग सर्किट. आणि ते सर्किट पुन्हा कोणी बनवणार नाही.