पडद्यावरचे अंतर्ज्ञानी

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात अंतर्ज्ञानी म्हणविणाऱ्यांविषयी बोलावयाचे, तर प्रथम या गावाच्या जन्माची आठवण करावी लागते. कल्याणनजीकची ही जागा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेली कुटुंबे तिच्या बराकींत उतरली आणि 1949 साली वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्याचे घरदार मागे राहिले, त्याच्यापुढे कोणी ‘मागे राहिलेल्यांची खबर सांगतो’ म्हणत उभा राहिला आणि त्याने दार उघडले, तर त्याला मूर्ख म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

हा धंदा दुःखाच्या मागोमाग चालतो, याला इतिहासाची साक्ष आहे. 1848 साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल गावी फॉक्स घराण्यातील दोन मुलींभोवती ठकठक आवाज येऊ लागले आणि मृतांशी बोलण्याचे वेड अमेरिका व युरोपभर पसरले. 1888 मध्ये त्यांपैकी मार्गारेटने भर सभेत पायाच्या बोटाचे सांधे वाजवून तेच आवाज काढून दाखविले. पुढल्याच वर्षी तिने ही कबुली मागे घेतली. पण लोकांना ना कबुलीची पर्वा होती, ना माघारीची. पहिल्या महायुद्धाने तर या माध्यमांना घरोघर गिऱ्हाईक मिळवून दिले. पदार्थविज्ञानाचे नामांकित पंडित सर ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड 1915 साली रणांगणावर पडला आणि 1916 मध्ये लॉजसाहेबांनी, तो परलोकातून आपल्याशी बोलतो असे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. शास्त्रज्ञ झाला तरी तो बापच!

अंधाऱ्या खोलीत मेजाभोवती आठदहा माणसे बसत. दूरचित्रवाणीने त्यांची लाखो केली, आणि त्यामुळे काम अवघड न होता उलट सोपे झाले. ‘छातीच्या दुखण्याने गेलेले कोणी वडीलधारे मला दिसतात’ असे म्हटले, की लाखांपैकी हजारोंना ते आपलेच वाटणार. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचे म्हणून एक वर्णन दिले आणि ते कितपत जुळते यास पाचपैकी गुण द्यावयास सांगितले. सरासरी चाराच्या वर गेली. वर्णन मात्र सर्वांना एकच दिलेले होते, आणि त्यातील वाक्ये ज्योतिषाच्या बाजारी पुस्तकातून उचललेली होती.

जेथे नाव, पत्ता, आजार असे नेमके सांगितले जाते, तेथे निराळीच युक्ती असते. पीटर पोपॉफ नावाचा अमेरिकन उपदेशक सभेतील अनोळखी माणसांचे पत्ते देवाकडून कळल्याप्रमाणे सांगत असे. 1986 साली जेम्स रँडी या जादूगाराने रेडिओ लहरी टिपणारे यंत्र लावले, तेव्हा त्यात ऐकू आला तो पोपॉफच्या पत्नीचा आवाज. लोकांनी सभेआधी भरून दिलेल्या चिठ्ठ्या ती पडद्यामागून त्याच्या कानातील यंत्रात वाचून दाखवीत होती. ते ध्वनिमुद्रण दूरचित्रवाणीवरच ऐकविले गेले, हे विशेष.

आपल्याकडे या प्रश्नाची तड कोर्टात लागली. हनुमानाच्या नावाने यंत्र विकणारी, ते सिद्धी प्राप्त झालेल्या बाबाने बनविले असे सांगणारी जाहिरात दूरचित्रवाणीवर पाहून एका शिक्षकाने 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली. 5 जानेवारी 2021 रोजी न्या. तानाजी नलावडे व न्या. मुकुंद सेवलीकर यांनी निकाल दिला, की दैवी गुणांचा दावा करून वस्तू विकणाऱ्या असल्या जाहिराती दाखविणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बेकायदा आहे. कायदा केवळ कृत्यालाच नव्हे, तर त्याच्या प्रचारालाही लागू असल्याने जाहिरातदाराबरोबर वाहिनीही जबाबदार ठरते. अशा जाहिराती रोखण्यासाठी मुंबईत कक्ष स्थापण्याचाही आदेश झाला. मधल्या पाचसहा वर्षांत कितीजणांनी पैसे भरले असतील, याचा हिशेब मात्र कोणीच ठेवलेला नसणार.

वारी, कीर्तन, भजन, प्रवचन यांस हा कायदा हात लावीत नाही. तसे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तरीही तो विधिमंडळात वर्षानुवर्षे रेंगाळला होता. त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात फिरावयास निघाले असता त्यांचा गोळ्या घालून खून झाला. वटहुकूम निघाला तो त्यानंतर चार दिवसांनी.