मॅन पेजची सूची: कागदापासून कॅशपर्यंत

युनिक्स किंवा लिनक्सच्या टर्मिनलवर 'मॅन' लिहून पुढे कमांडचे नाव दिले की त्या कमांडच्या माहितीचे पान, म्हणजे मॅन पेज, पडद्यावर येते. पण नावच ठाऊक नसेल तर? फाइलची नक्कल करायची एवढे माहीत आहे, कमांड कोणती ते माहीत नाही. त्या वेळी 'अप्रोपोस' उपयोगी पडते. तिला 'कॉपी' हा शब्द दिला की नावात किंवा थोडक्या वर्णनात तो शब्द असलेल्या सगळ्या पानांची यादी क्षणात मिळते. हजारो पाने ती त्या क्षणी वाचत नाही. ती वाचण्याचे काम आधीच कुणीतरी करून ठेवलेले असते. ते काम कुणी करायचे, कधी करायचे आणि ताजे कसे ठेवायचे, या प्रश्नांना पन्नास वर्षांत वेगवेगळी उत्तरे मिळाली.

सुरुवात कागदावर झाली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तयार केलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. कमांड, सिस्टिम कॉल, फाइलींची रचना असे त्याचे क्रमांक दिलेले विभाग होते आणि प्रत्येक पानाचा साचा ठरलेला होता. पानाच्या माथ्यावर 'नेम' हा मथळा आणि त्याखाली एकच ओळ: आधी नाव, मग रेघ, मग काम थोडक्यात. पुढचा सगळा इतिहास या एका ओळीवर उभा आहे.

मॅन्युअल जाड होत गेले तशी नुसती अनुक्रमणिका अपुरी पडू लागली. आयबीएममधल्या हान्स पीटर लुन यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस शीर्षकांची सूची यंत्राकडून करून घेण्याची एक पद्धत पुढे आणली होती. शीर्षकातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द आळीपाळीने मधल्या रकान्यात आणायचा, उरलेले शब्द त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे आणि मधल्या रकान्यानुसार वर्णक्रम लावायचा. युनिक्सवर हे काम 'पीटीएक्स' नावाची कमांड करू लागली. 1979च्या सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये अशी सूची सुरुवातीलाच छापलेली आहे. 'फाइल' या शब्दाखाली बोट फिरवले की फाइलींशी संबंधित सगळ्या कमांड एकाखाली एक सापडत. मात्र छापल्या दिवसापासूनच ही सूची जुनी होऊ लागे. नवा प्रोग्राम आला तर पुढच्या आवृत्तीची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता.

ही अडचण कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात सुटली. फेब्रुवारी 1979 मध्ये बिल जॉय यांनी 'मेकव्हॉटइज' लिहिली. तिची रीत अगदी साधी होती. मॅन्युअलच्या प्रत्येक डिरेक्टरीत जायचे, प्रत्येक पानातली 'नेम'खालची ओळ काढायची, तिच्यात विभागाचा क्रमांक घालायचा आणि सगळ्या ओळी क्रमाने लावून 'व्हॉटइज' नावाच्या एकाच फाइलीत ठेवायच्या. मग नेमके नाव दिले तर 'व्हॉटइज' कमांड त्याची ओळ दाखवी आणि कोणताही शब्द दिला तर 'अप्रोपोस' त्याच फाइलीत तो हुडकी. शेकडो फाइली उघडण्याऐवजी एकच उघडायची, हा सगळा लाभ. ती ताजी ठेवणे मात्र सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसाच्या आठवणीवर होते. नवी पाने टाकल्यावर त्याने 'मेकव्हॉटइज' पुन्हा चालवली नाही, तर पान डिस्कवर असूनही शोधात सापडत नसे.

त्या काळात आणखी एक साठा ठेवला जाई. मॅन पेज मुळात मांडणीच्या खुणांसह लिहिलेले असते आणि 'एनरॉफ' हा प्रोग्राम त्याचे वाचनीय पान तयार करतो. तेव्हाच्या यंत्रांवर या कामाला वेळ लागे, म्हणून तयार पाने 'कॅट' नावाच्या डिरेक्टरींत जपून ठेवत. पुढे यंत्रे वेगवान झाली आणि पान दर वेळी नव्याने मांडणे परवडू लागले. शिवाय कुणाही वापरकर्त्याच्या हातून सामायिक साठ्यात पान लिहायचे तर प्रोग्रामला विशेष अधिकार द्यावे लागत, ती सुरक्षेची जोखीम होती. तयार पानांचा साठा मागे पडला, सूची मात्र टिकली. एक पान मांडायला आता क्षणही पुरतो. पण प्रत्येक शोधासाठी सगळी पाने वाचून काढणे आजही महागच आहे.

लिनक्सच्या जगात पुढचे पाऊल 'मॅन-डीबी'ने टाकले. पुढे ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरमुळे नावारूपाला आलेल्या जॉन ईटन यांच्या मॅन प्रोग्रामवर ते उभे आहे. 1994 पासून ग्रेम विल्फर्ड यांनी ते वाढवले, डेबियन या लिनक्स वितरणासाठी फॅब्रिझिओ पोलाक्को यांनी सांभाळले आणि 2001 पासून कॉलिन वॉटसन यांनी त्याची धुरा घेतली. इथे साध्या फाइलीच्या जागी डेटाबेस आला. त्याच्या प्रत्येक नोंदीत विभाग, पान बदलल्याची वेळ, वर्णनाची ओळ आणि हे पान स्वतंत्र आहे की दुसऱ्या पानाकडे बोट दाखवणारे, एवढे असते. म्हणूनच 'प्रिंटएफ' आणि 'एफप्रिंटएफ' या दोन्ही नावांनी एकच पान मिळू शकते.

बदलाच्या वेळेची नोंद आल्याने देखभालीची तऱ्हाच पालटली. सूची तयार करणारी 'मॅनडीबी' ही कमांड चालली की ती बदललेल्या डिरेक्टरीच तपासते, नव्या पानांची भर घालते आणि काढून टाकलेल्या पानांच्या नोंदी पुसते. सूचीची जागाही बदलली. 'यूएसआर' डिरेक्टरी केवळ वाचण्यापुरती ठेवता यावी, म्हणून पुन्हा तयार करता येणारा हा साठा 'व्हार'खालच्या 'कॅश' डिरेक्टरीत गेला. आठवण ठेवण्याचे कामही माणसाकडून यंत्राकडे आले: रोज ठरल्या वेळी चालणारे काम आणि डेबियनमध्ये पॅकेज बसवल्यावर सुटणारा ट्रिगर. पॅकेज बसवताना अखेरीस मॅन-डीबीच्या ट्रिगरची जी ओळ दिसते, ती याच कामाची.

त्या ओळीवर थांबावे लागते म्हणून अनेकांनी ट्रिगर बंद केला. तक्रार खोटी नव्हती. डिस्कवर संकुचित करून ठेवलेले प्रत्येक पान उलगडायला वेगळी प्रक्रिया सुरू होई आणि खरा वेळ तिथे जाई. 2022 मधल्या 2.10.0 आवृत्तीने ते काम प्रोग्रामच्या आतच करायला सुरुवात केली. तिच्या नोंदींनुसार एका चाचणी यंत्रावर पूर्ण सूची नव्याने करायला 344 सेकंद लागत, ते 10 सेकंदांवर आले.

इतरांनी वेगळ्या वाटा धरल्या. 2011 मध्ये गूगलच्या समर ऑफ कोड उपक्रमात अभिनव उपाध्याय यांनी नेटबीएसडी या युनिक्सच्या कुळातल्या प्रणालीसाठी एस्क्यूलाइट या डेटाबेसवर पूर्ण मजकुराचा शोध उभारला, म्हणजे वर्णनाच्या ओळीपलीकडचे अख्खे पान सूचीत आले. त्याच कुळातल्या ओपनबीएसडीच्या 'मॅनडॉक' या मॅन पेजच्या साधनाने काही काळ एस्क्यूलाइट वापरून नंतर स्वतःचा आटोपशीर साचा निवडला.

साठ्याचे रूप इतके बदलूनही बहुतेक लिनक्स यंत्रांवर 'अप्रोपोस' आजही 1971च्या साच्यातली तीच एक ओळ धुंडाळते. तेव्हा 'अप्रोपोस'ने योग्य काही नाही असे सांगितले, तर आधी 'मॅनडीबी' चालवून पाहा. सूची तयारच झाली नसण्याची शक्यता असते. आणि स्वतः मॅन पेज लिहीत असाल तर 'नेम'खालच्या ओळीत अनोळखी माणूस शोधताना जे शब्द वापरेल, तेच घाला. ते शब्द तिथे नसतील तर कितीही ताजी सूची तुमचे पान त्याच्यापर्यंत पोचवू शकणार नाही.