सरावाचा लहान ध्वनिवर्धक : विद्युत् गिटारच्या प्रसारातील एक दुर्लक्षित घटक

वाद्यांच्या इतिहासात वाद्य घडविणारे कारागीर व ते वाजविणारे कलावंत यांना अग्रस्थान मिळते, आणि ते योग्यही आहे. तथापि विद्युत् गिटारच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. याचे कारण त्या वाद्याच्या रचनेतच आहे. भरीव लाकडाच्या गिटारला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतो. तारांच्या कंपनामुळे चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात अत्यंत क्षीण विद्युत् प्रवाह निर्माण होतो. तो ध्वनिवर्धकाने वाढवून स्पीकरला पुरविला म्हणजे स्वर ऐकू येतो. सबब शिकाऊ वादकाला एक नव्हे, दोन वस्तू विकत घ्याव्या लागतात. हे वाद्य किती घरांत पोहोचले, हे पुष्कळ अंशी यांतील दुसऱ्या वस्तूच्या किमतीवर अवलंबून होते.

या दुसऱ्या वस्तूचा उगम अमेरिकेतील हवाईयन गिटारच्या शिक्षणात सापडतो. जॉर्ज बीचम याच्या कल्पनेतून सिद्ध झालेली, मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची विद्युत् गिटार १९३२ साली लॉस एंजल्सच्या रो-पॅट-इन कंपनीने विक्रीस आणली. हीच कंपनी पुढे रिकनबॅकर या नावाने प्रसिद्धीस आली. त्या काळी हवाईयन गिटार शिकविणारे वर्ग अमेरिकेत ठिकठिकाणी चालत. क्लीव्हलंडच्या ओआहू कंपनीसारख्या संस्था पाठ, वाद्य आणि ध्वनिवर्धक या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना पुरवीत. याचा अर्थ असा की, लहान ध्वनिवर्धक हा प्रारंभी मैफलीच्या साधनसामग्रीचा भाग नसून शालेय साहित्याचा भाग होता.

या परंपरेला निश्चित रूप कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे मिळाले. लिओ फेंडर (१९०९–१९९१) याने १९३८ साली तेथे रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले होते. त्याच्या कारखान्यातून १९४८ मध्ये ‘चँपियन ८००’ व १९४९ मध्ये ‘चँपियन ६००’ हे छोटे ध्वनिवर्धक बाहेर पडले. नावांतील आकडे स्पीकरच्या अनुक्रमे ८ व ६ इंच व्यासाचे निदर्शक होते. पुढे ‘चँप’ या नावाने रूढ झालेल्या या मालिकेची १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धातील रचना पाहण्यासारखी आहे. तीत तीनच निर्वात नलिका आहेत : प्रारंभिक वर्धनासाठी १२एएक्स७, स्पीकर चालविण्यासाठी ६व्ही६ आणि उलटसुलट प्रवाह एकदिश करण्यासाठी ५वाय३. शक्ती सुमारे ५ वॅट आणि आवाज कमीजास्त करण्यासाठी बटण एकच. यांतील ६व्ही६ व ५वाय३ या नलिका त्या काळच्या घरगुती रेडिओ संचांत सर्रास वापरल्या जात. गिटार वाजविणाऱ्यांची संख्या मूठभर होती, परंतु रेडिओ ऐकणारे लक्षावधी होते. ही स्वस्ताई त्या लक्षावधींच्या मागणीतून आलेली होती.

काटकसरीची पुढील पायरी १९६२ मध्ये दिसते. नेथन डॅनियल याच्या न्यू जर्सीतील डॅनइलेक्ट्रो कारखान्यात तयार झालेली आणि सीअर्स, रोबक या पेढीने ‘सिल्व्हरटोन’ नावाने टपालाने विकलेली गिटार ज्या पेटीतून येई, त्या पेटीतच ध्वनिवर्धक व स्पीकर बसविलेले असत. एका पिकअपच्या नमुन्याची किंमत ६७.९५ डॉलर होती. शहरातील वाद्यांच्या दुकानापर्यंत जाणे ज्यांना शक्य नव्हते, अशा गावांतील मुलांनाही त्यामुळे एकाच मागणीपत्रावर संपूर्ण वाद्य घरपोच मिळू लागले.

परंतु या स्वस्ताईची एक काळी बाजूही नोंदविली पाहिजे. ध्वनिवर्धकातील अत्यंत खर्चिक भागांपैकी एक म्हणजे वीजपुरवठ्याचे रोहित्र. काही उत्पादकांनी तेच गाळले. १२, ३५ व ५० व्होल्टच्या नलिकांचे तापक एकसर जोडून ते थेट घरातील विजेवर चालविण्याची युक्ती त्यांनी स्वस्त रेडिओवरून उचलली. रेडिओत ती बहुधा खपून जाई, कारण त्याचे धातूचे अंग लाकडी अथवा बेकलाइटच्या पेटीत बंद असे. गिटारची स्थिती नेमकी उलट होती. तिच्या धातूच्या तारा जोडवायरमधून ध्वनिवर्धकाच्या सांगाड्याशी जोडलेल्या असत आणि वादकाची बोटे सतत त्या तारांवर असत. दोन पिनांचा प्लग उलटा बसला आणि मध्ये असलेला एखादा धारित्र निकामी झाला, तर घरातील वीज वादकाच्या हातापर्यंत पोहोचणे शक्य होते. या धोक्याला सर्वाधिक सामोरा जाणारा वर्ग अननुभवी मुलांचा होता, हे विशेष. स्वस्त वस्तूची खरी किंमत कोण मोजतो, या प्रश्नाचे याहून बोलके उदाहरण वाद्यांच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

याउलट लहान ध्वनिवर्धकाची जी उणीव मानली गेली, तीच पुढे गुण ठरली. शक्ती दसपट झाली तरी कानाला आवाज साधारणपणे दुप्पटच वाटतो. म्हणून ५ वॅटचा ध्वनिवर्धक ५० वॅटच्या ध्वनिवर्धकाच्या मानाने अगदीच दुबळा नसतो. मात्र त्याची क्षमता लवकर संपते. ती संपली की ध्वनिलहरींची टोके दबतात आणि स्वराला भरदार खरखर येते. मोठ्या यंत्रातून हा परिणाम साधण्यास कानठळ्या बसविणारा आवाज लागे, तर लहान यंत्रातून तो बंद खोलीत साधता येई. १९७० मध्ये मायामी येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ‘लैला’ या संग्रहासाठी एरिक क्लॅप्टन व ड्युएन ऑलमन यांनी चँप वापरले, ते याच कारणाने लक्षणीय आहे.

ट्रँझिस्टरमुळे किंमत व वजन आणखी घटले. १९७३ च्या सुमारास बाजारात आलेला पिगनोज हा ध्वनिवर्धक बॅटरीच्या सहा सेलांवर चाले. १९८२ मध्ये अभियंता व वादक टॉम शोल्झ याने आणलेल्या रॉकमनने स्पीकरलाही फाटा दिला. वादकाने हेडफोन लावावा, शेजाऱ्यांना उपद्रव नाही. त्यानंतर डिजिटल तंत्राने एकाच छोट्या पेटीत अनेक ध्वनिवर्धकांच्या नादाचे अनुकरण शक्य केले.

या इतिहासाचा शेवट काहीसा अनपेक्षित आहे. रेडिओतून निर्वात नलिका हद्दपार झाल्यावर त्यांचे उत्पादन मोजक्या देशांतील थोड्या कारखान्यांपुरते उरले. एके काळी जो भाग सर्वांत सहज मिळे, तोच शौकिनांच्या हौसेची वस्तू झाला. फेंडर कंपनीने २००६-०७ च्या सुमारास ५ वॅटचा चँपियन ६०० पुन्हा काढला, तो चीनमध्ये तयार करवून. तात्पर्य, शिकाऊ वादकाला वाद्य परवडते तेव्हा त्यामागे केवळ वाद्यनिर्मात्याचे कौशल्य नसते. दुसऱ्याच कोणत्या तरी मोठ्या उद्योगाने स्वस्त केलेले सुटे भाग असतात, आणि ते कोणत्या विवेकाने वापरले गेले हेही पाहावे लागते.