पोलादी तार आणि सूक्ष्म स्वरमेळ : व्हायोलिनच्या फाइन ट्यूनरचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वाद्यांचा इतिहास लिहिताना कारागिरांची घराणी, थोर वादक आणि गाजलेल्या मैफली यांकडे अभ्यासकांचे लक्ष जाते. वाद्याला जडवलेले लहानसहान भाग मात्र सहसा दुर्लक्षित राहतात. व्हायोलिनच्या टेलपीसवरील फाइन ट्यूनर हा असाच एक भाग होय. तो नवशिक्यांसाठी असतो व त्यामुळे नाद बिघडतो, असा समज वादकांत आढळतो. प्रस्तुत निबंधात हा समज इतिहास व ध्वनिविज्ञान यांच्या आधारे तपासला आहे. फाइन ट्यूनर ही वादकाची उणीव झाकणारी सोय नसून तारेच्या द्रव्यात झालेल्या बदलाचा परिणाम आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

तातेकडून पोलादाकडे

स्ट्रॅडिव्हेरियसच्या (मृत्यू १७३७) काळी व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्यांपासून वळलेल्या तातेच्या असत. जाड तारेवर धातूचे वेष्टण चढवण्याची रीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. सर्वांत बारीक ई तार मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तातेचीच राहिली. ही तार दमट हवेत उतरे आणि वारंवार तुटे. पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१९१८) जर्मनी व इटली येथील तातेचा पुरवठा विस्कळीत झाला. शस्त्रक्रियेतील टाक्यांसाठीही तात लागत होती. या परिस्थितीत पोलादी ई तारेचा प्रसार वेगाने झाला. कार्ल फ्लेश यांच्या व्हायोलिनवादनावरील ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१९२३) या नव्या तारेची दखल घेतलेली आहे. पुढे याशा हायफेट्झ यांच्यासारखे वादक मधल्या तारा तातेच्या ठेवूनही ई तार पोलादाची वापरीत.

स्वरमेळावरील परिणाम

द्रव्य बदलले, पण खुंटी जुनीच राहिली. अडचणीचे मूळ येथे आहे. ई स्वराला पोहोचण्यासाठी तातेची तार तिच्या लांबीच्या सुमारे तीन-चार टक्के ताणावी लागते; पोलादी तार एक टक्क्याहूनही कमी ताणली की पुरते. म्हणजेच खुंटीच्या सारख्याच हालचालीने पोलादी तारेचा स्वर कितीतरी अधिक सरकतो. ढोबळ हिशेबाने पोलादी ई तारेवर अर्ध्या स्वराचा फरक पडण्यास खुंटी सात-आठ अंश फिरवणे पुरेसे होते. अर्ध्या स्वराच्या विसाव्या भागाची चूकही सरावलेल्या कानाला खटकते. ती सुधारण्यासाठी खुंटी अर्ध्या अंशाहून कमी फिरवावी लागेल. घर्षणावर टिकून राहणारी निमुळती लाकडी खुंटी एवढी सूक्ष्म हालचाल सहसा करू देत नाही. ती अडते किंवा झटक्याने पुढे जाते. फाइन ट्यूनरमध्ये स्क्रू व तरफ यांच्या साहाय्याने तेच अंतर सावकाश कापता येते.

नादगुणाचा प्रश्न

नाद बिघडतो, हा आक्षेप मात्र सर्वस्वी निराधार नाही. व्हायोलिनवर घोडीपुढील वाजती लांबी सुमारे ३२८ मिलिमीटर, तर घोडी व टेलपीस यांमधील लांबी सुमारे ५५ मिलिमीटर, म्हणजे वाजत्या लांबीच्या सहाव्या हिश्श्याइतकी ठेवण्याचा प्रघात आहे. हा मागचा तुकडाही मंदपणे कंप पावतो. टेलपीसपुढे येणारा नेहमीच्या घडणीचा फाइन ट्यूनर ही लांबी कमी करतो. शिवाय टेलपीस स्वतः कंप पावत असल्याने चार सुट्या धातूच्या ट्यूनरांचे वजन त्या कंपनात फरक पाडते. स्क्रू सैल राहिल्यास खरखर ऐकू येते. तथापि ई तारेसाठी मागची लांबी फारशी न घटवणारा आटोपशीर ट्यूनर आणि ट्यूनर अंगचेच असलेले हलके टेलपीस यांमुळे हे दोष बरेच कमी झाले. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्ड या संस्थेने १९७० मध्ये कृत्रिम धाग्याचा गाभा असलेल्या तारा आणल्या. या तारा तातेप्रमाणे लवचीक असल्याने उरलेल्या तीन तारांना खुंटी पुरेशी ठरली. एक ट्यूनर की चार, हा भेद वादकाच्या योग्यतेचा नसून तारेच्या गाभ्याचा आहे.

भारतीय संदर्भ

बालुस्वामी दीक्षितार (१७८६–१८५८) यांच्या काळात व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुळले. हिंदुस्थानी संगीतात गजाननराव जोशी (१९११–१९८७) व व्ही. जी. जोग (१९२२–२००४) यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. येथे तारा षड्ज-पंचमात मिळवतात आणि तंबोरा अखंड वाजत असल्याने किंचित विसंवादही लपत नाही. त्यामुळे अनेक भारतीय वादक चारही तारांना फाइन ट्यूनर लावतात. तंबोऱ्याच्या घोडीमागील मणी याच तत्त्वावर काम करतात : खुंटीने स्थूल आणि मण्याने सूक्ष्म मेळ. मणी सरकवणाऱ्या गवयाला कोणी नवशिका म्हणत नाही.

निष्कर्ष

१. फाइन ट्यूनरचा प्रसार पोलादी तारेच्या प्रसाराशी निगडित आहे. त्याला महायुद्धकालीन टंचाईने गती दिली.

२. नादावरील परिणाम खरा असला तरी तो ट्यूनरची घडण, वजन व संख्या यांवर अवलंबून असतो.

३. ‘नवशिक्यांचे साधन’ हा शिक्का तारेचा इतिहास विसरल्याने बसला आहे. वाद्याच्या लहान भागांचे मूल्यमापन करताना त्यांना जन्म देणारी भौतिक परिस्थिती आधी पाहिली पाहिजे.